लाइट गेली की प्रिंटरचा आयपी का बदलतो? राउटरच्या आठवणीची पार्श्वभूमी

इंदूरला मे-जूनच्या संध्याकाळी वादळ उठलं की लाइट जाते. परत आल्यावर पंखे फिरतात, फ्रिज घरघरतो, वाय-फायही येतं. अडचण नंतर कळते. प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो, मोबाइलवर दारातल्या कॅमेऱ्याचं चित्र उघडत नाही, टीव्हीला घरातल्या कॉम्प्युटरवरचे फोटो सापडत नाहीत. सुदामानगर असो, राजेंद्रनगर असो की रामबागेतला जुना वाडा, तक्रार तीच. मग प्रिंटर काढून पुन्हा जोडला जातो, नाहीतर सिल्व्हर मॉलमधल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन जातो. प्रिंटरचा यात काही दोष नसतो. बदललेला असतो तो त्याचा आयपी ॲड्रेस, आणि तो बदलण्याचं कारण राउटरमध्ये आहे.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक नंबर देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. हा नंबर कायमचा नसतो, ठराविक मुदतीचा असतो. त्या मुदतीच्या वाटपाला लीज म्हणतात. कोणत्या मॅक ॲड्रेसला (म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाला) कोणता नंबर दिला आणि तो कधीपर्यंत, याची यादी राउटर ठेवतो. बहुतेक घरगुती राउटरांमध्ये ही यादी रॅममध्ये असते. वीज गेली की यादी गेली. पुन्हा सुरू झालेल्या राउटरला घरात कोण कोण होतं याचा पत्ताच नसतो आणि तो नव्याने वाटप करू लागतो. लॅपटॉपने मात्र प्रिंटर जुन्या नंबरानेच लक्षात ठेवलेला असतो.

ज्यांनी ही पद्धत आखली त्यांना हा प्रश्न दिसला नव्हता असं अजिबात नाही, आणि म्हणूनच हा इतिहास सांगण्यासारखा आहे.

सुरुवात डिस्क नसलेल्या कॉम्प्युटरांपासून होते. १९८० च्या दशकात विद्यापीठांमध्ये अशी वर्कस्टेशन होती की ज्यांना चालू झाल्यावर स्वतःचा आयपीसुद्धा माहीत नसायचा, कारण तो साठवायला जागाच नव्हती. त्यांच्याजवळ फक्त नेटवर्क कार्डात कोरलेला हार्डवेअर ॲड्रेस, म्हणजेच मॅक ॲड्रेस, असायचा. तो सांगून आयपी विचारण्याची सोय जून १९८४ मध्ये आरएफसी ९०३ या दस्तऐवजाने केली; इंटरनेटच्या पद्धती मांडणाऱ्या अशा क्रमांकित दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. त्या सोयीचं नाव आरएआरपी, आणि ते काम स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या चौघांचं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८५ मध्ये, स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी बूटपी आणलं. आरएआरपीत फक्त नंबर मिळायचा. बूटपीत गेटवे (नेटवर्काबाहेर जाण्याचं दार) कोणता, सुरू होण्यासाठी कोणती फाइल घ्यायची, हेही कळू लागलं. शिवाय विचारणा राउटर ओलांडून दुसऱ्या नेटवर्कातल्या, नंबर वाटणाऱ्या सर्व्हरपर्यंत नेता येऊ लागली.

या दोन्ही पद्धतींत विसरण्याचा प्रश्नच नव्हता. कोणत्या मशीनला कोणता नंबर, याचा तक्ता नेटवर्क सांभाळणारा माणूस हाताने लिहीत असे आणि तो सर्व्हरच्या डिस्कवर असे. सर्व्हर शंभर वेळा बंद-चालू करा, तक्ता तोच. त्रास होता तो दुसरा: नवीन मशीन आलं की कोणीतरी बसून ओळ लिहायची, मशीन गेलं की आठवणीने खोडायची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरणारे लॅपटॉप आल्यावर हे जमेनासं झालं.

ऑक्टोबर १९९३ मध्ये बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रॉम्स यांनी लिहिलेली डीएचसीपीची, म्हणजे आपोआप नंबर वाटण्याच्या पद्धतीची, पहिली व्याख्या प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात तिची दुरुस्त आवृत्ती निघाली. मार्च १९९७ मध्ये आलेलं आरएफसी २१३१ आजही आपल्या घरातल्या वाटपाचा पाया आहे. बूटपीच्याच संदेशाचा साचा ठेवून त्यात मुदतीची कल्पना घातली गेली. नंबर काही काळासाठी द्यायचा, घेणाऱ्याने मुदत निम्मी सरली की नूतनीकरण मागायचं, ते जमलं नाही तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत संपल्यावर कोणत्याही सर्व्हरला विचारायचं, आणि तेही हुकलं तर मुदत संपताच नंबर सोडायचा. कोणी न सांगता निघून गेलं तरी नंबर आपोआप परत येतो.

याच दस्तऐवजात उद्दिष्टांची यादी आहे आणि तिच्यात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत. क्लायंट, म्हणजे नंबर मागणारं उपकरण, रिस्टार्ट झाला तरी त्याची मांडणी (नंबर आणि सोबतची सेटिंग) टिकली पाहिजे. आणि सर्व्हर रिस्टार्ट झाला तरीही टिकली पाहिजे. शक्य असेल तिथे त्याच क्लायंटला तीच मांडणी परत मिळावी. म्हणजे आपल्या घरात लाइट आल्यावर जे घडतं, ते घडू नये हे १९९० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं.

मोठ्या सर्व्हरांनी ते पाळलंही. इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्टियम, म्हणजे आयएससी, या संस्थेचा डीएचसीपी सर्व्हर बरीच वर्षं जगभर चालला. तो एखाद्याला नंबर मंजूर करण्याआधी ती नोंद लीजच्या फाइलमध्ये लिहायचा आणि ती खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करायचा. मगच होकार द्यायचा. मध्येच मशीन कोसळलं तरी दिलेला शब्द विसरला जाऊ नये, एवढ्यासाठी प्रत्येक वेळी डिस्कची वाट पाहण्याचा खर्च त्यांनी सोसला. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

मग घरात काय बिनसलं? घरात डिस्क नव्हती.

मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ ने नॅटची, म्हणजे अनेक उपकरणांना बाहेर एकाच नंबराने दाखवण्याची, पद्धत मांडली, फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने १९२.१६८ सारखे खासगी नंबर ठरवून दिले, आणि एका जोडणीवर घरातली अनेक उपकरणं चालवणं सोपं झालं. आपल्याकडे डायल-अपच्या काळात एक फोन, एक कॉम्प्युटर, एक नंबर असा हिशोब होता. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाची, सतत चालू राहणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या केली. त्यानंतर मॉडेमचे डबे घरोघर आले आणि त्या डब्यांतच डीएचसीपी सर्व्हर बसवलेला होता.

त्या काळच्या राउटरचं पोट केवढं असायचं ते पाहा. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये ४ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी साठवण) आणि १६ एमबी रॅम (वीज गेली की पुसली जाणारी) होती. संपूर्ण सॉफ्टवेअर त्या ४ एमबीत कोंबायचं. शिवाय फ्लॅशचा प्रत्येक ब्लॉक पुसून लिहिण्याला मर्यादा असते. नॉर जातीच्या फ्लॅशमध्ये ती साधारण एक लाख वेळांची धरतात. सतत बदलणारी यादी तिथे लिहायला बनवणारे कचरले आणि त्यांनी ती रॅममध्ये ठेवली. याच राउटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स खुला झाल्यावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरच्या खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा राहिला. त्यातही लीजची फाइल टीएमपी नावाच्या फोल्डरमध्ये जाते, आणि ते फोल्डर रॅममध्येच असतं.

दुसरी अडचण घड्याळाची, आणि ती जास्त खोल आहे. साध्या घरगुती राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. चालू झाल्यावर तो स्वतःला १ जानेवारी १९७० मध्ये किंवा आपलं सॉफ्टवेअर तयार झालं त्या तारखेत समजतो. खरी वेळ इंटरनेट जोडल्यावरच कळते. फायबरचा डबा जागा होऊन जोडणी मिळेपर्यंत काही मिनिटं जाऊ शकतात, आणि तेवढ्यात घरातले मोबाइल नंबर मागून मोकळे झालेले असतात. अशा वेळी फाइलमध्ये ‘उद्या दुपारी चारपर्यंत’ असं लिहिलेलं असलं तरी उपयोग काय? उद्या कधी, हेच राउटरला ठाऊक नाही.

या अडचणीवर छोट्या सर्व्हरांनी काढलेले उपाय मला आवडतात. छोट्या उपकरणांसाठीच्या बिझीबॉक्स या सॉफ्टवेअर-संचातला यूडीएचसीपीडी हा डीएचसीपी सर्व्हर फाइलमध्ये संपण्याची तारीख लिहीत नाही. किती वेळ उरला आहे ते लिहितो, म्हणजे घड्याळ चुकलं तरी यादी वाचता येते. प्रत्येक बदलाला न लिहिता ठराविक अंतराने, मूळ सेटिंगप्रमाणे ७२०० सेकंदांनी, लिहिण्याची सोयही त्यात आहे. फाइल कोणत्या जागी ठेवायची हे मात्र राउटर बनवणारा ठरवतो.

सायमन केली यांचा डीएनएसमास्क हा असाच छोटा सर्व्हर आणखी एक पाऊल पुढे गेला. तो नंबर ओळीने वाटत नाही. उपकरणाच्या मॅक ॲड्रेसवरून गणित करून नंबर काढतो, त्यामुळे यादी पुसली तरी त्याच उपकरणाला बहुतेक वेळा तोच नंबर पुन्हा निघतो. आठवणीचं काम गणितावर सोपवलं.

डीएनएसमास्कचं एक सेटिंग समजून घ्यायला परत १९९७ च्या दस्तऐवजाकडे जावं लागतं. पुन्हा जोडणी करणारा मोबाइल आपला जुना नंबर सांगून विचारतो, ‘हाच ठेवू का?’ अशा क्लायंटची नोंद सर्व्हरकडे नसेल तर त्याने गप्प राहावं, असा नियम आहे. नियम विद्यापीठाच्या नेटवर्कासाठी योग्यच होता. तिथे एकाच तारेवर अनेक सर्व्हर असू शकतात आणि दुसऱ्याच्या क्लायंटला ह्याने उत्तर देणं चूक. घरात मात्र सर्व्हर एकच. तो गप्प बसला की उत्तर देणारं दुसरं कोणी नाही. डीएनएसमास्कला ‘या नेटवर्कात मीच एकटा’ असं सांगितलं की तो अशा जुन्या मागण्या मान्य करतो आणि क्लायंटांच्याच आठवणीतून हरवलेली यादी पुन्हा उभी करतो.

पण सगळ्या उपकरणांना आठवण असतेच असं नाही, आणि काहींना तर लाइट गेल्याचंही कळत नाही. एक मांडणी पाहा, जी इंदूरच्या कितीतरी घरांत आणि दुकानांत आहे. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि एक छोटा नेटवर्क स्विच (नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारा डबा) इन्व्हर्टरवर, राउटर साध्या प्लगवर. लाइट गेली, राउटर बंद पडला, अर्ध्या तासाने परत आला. डीव्हीआरची तार स्विचला जोडलेली, स्विच चालूच होता, म्हणून डीव्हीआरच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. तो आपला १९२.१६८.१.५ धरून बसला आहे. यादी हरवलेला राउटर तोच ५ नंबर पाहुण्याच्या मोबाइलला देतो. आता एका नंबरावर दोघं. लीज चोवीस तासांची असेल तर डीव्हीआर निम्म्या मुदतीपर्यंत राउटरला विचारणारही नाही, म्हणजे हा गोंधळ तासन् तास चालू शकतो आणि कॅमेऱ्याचं चित्र येत-जात राहतं. नंबर देण्याआधी तो कोणी वापरत नाही ना, हे सर्व्हरने हाक मारून तपासावं असं आरएफसी २१३१ सांगतं. डीएनएसमास्क ते करतो. सगळे स्वस्त राउटर करत नाहीत.

फ्लॅश झिजण्याची सबब आज टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशोब करून पाहा. घरात पंधरा उपकरणं, लीज बारा तासांची, म्हणजे प्रत्येकाचं नूतनीकरण सहा तासांनी: दिवसाला ६० बदल. प्रत्येक बदल लगेच लिहिला आणि तोच ब्लॉक पुन्हा पुन्हा पुसला असं धरलं, तर एक लाखाची मर्यादा साडेचार वर्षांत गाठली जाईल. इथे बनवणाऱ्यांची काळजी खरी होती. पण दोन तासांतून एकदा लिहिलं तर दिवसाला १२ वेळा, म्हणजे बावीस वर्षांहून जास्त. आणि आजच्या फाइल सिस्टिम झीज अनेक ब्लॉकांवर वाटतात. राउटर इतका काळ कोणी वापरत नाही.

तोवर घरात करण्यासारखा खात्रीचा उपाय म्हणजे ॲड्रेस रिझर्वेशन. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटर आणि डीव्हीआर यांच्या मॅक ॲड्रेससमोर नंबर पक्का लिहून टाकायचा. ही नोंद सेटिंगचा भाग असल्याने फ्लॅशमध्ये राहते आणि वीज गेल्याने पुसली जात नाही. १९८५ चा हाताने लिहिलेला तक्ताच हा. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले तर बरंच; पण रिस्टार्ट फक्त विजेमुळे होत नाही, अपडेटमुळेही होतो, म्हणून रिझर्वेशन आधी. मोबाइलसाठी ते करताना एक लक्षात घ्या: २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला बनावट मॅक ॲड्रेस दाखवतात. खासगीपणासाठी ते चांगलंच आहे, पण घरच्या वाय-फायचं नाव विसरवून पुन्हा जोडलं किंवा नावच बदललं, तर फोन राउटरला नवा पाहुणा वाटू शकतो.

आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे आयपी नंबरांच्या नव्या पद्धतीत, हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. तिथे राउटरला कंपनीकडून नंबरांचा अख्खा गट मिळतो, आणि रिस्टार्टनंतर तो गट बदलला तर घरातली उपकरणं जुन्याच गटाचे नंबर वापरत राहतात. मूळ शिफारशीप्रमाणे अशा गटाची वैधता तीस दिवसांपर्यंत असू शकते. मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९७८ ने ही अडचण नीट मांडली. ऑगस्ट २०२१ च्या आरएफसी ९०९६ ने घरगुती राउटर बनवणाऱ्यांना सांगितलं की रिस्टार्ट होताना मिळालेला गट आपणहून परत करू नका आणि उपकरणांना सांगायच्या मुदती आवाक्यात ठेवा. भारतात आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणावर पोचलं आहे, त्यामुळे नवा राउटर घेताना तो या दोन दस्तऐवजांतलं दुसरं पाळतो का, हे दुकानात विचारायला हरकत नाही.