ब्रेव्हेतील मार्गशोधन : इंदूर परिसर

ठरवून दिलेल्या मार्गाने, ठरलेल्या वेळेच्या आत आणि स्वतःच्या बळावर पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी म्हणजे ब्रेव्हे. ती शर्यत नव्हे. निकालात पहिला-दुसरा नसतो. वेळेत आला तो उत्तीर्ण, एवढेच. या स्वारीत दिलेला मार्ग वाचणे, तो सुटला तर सुटल्याचे ओळखणे आणि जिथे सुटला तिथूनच पुन्हा धरणे, या तिन्ही कामांना मिळून मार्गशोधन म्हणता येईल. इंदुरातल्या मराठी स्वारांच्या तोंडी मात्र ‘रूट’, ‘क्यू शीट’, ‘कंट्रोल’ हेच शब्द असतात, आणि वळण ‘लेफ्ट’ नाहीतर ‘राइट’ असते.

एरवी प्रवाशाला मुक्काम गाठायचा असतो, रस्ता कोणताही चालतो. ब्रेव्हेत बहुतेक वेळा मुक्काम म्हणजे निघाला तोच चौक, आणि मधली रेघ हीच परीक्षा. नवखे स्वार पायात कमी पडतात त्यापेक्षा इथे अधिक फसतात.

पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १२०० किमीची दौड १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली. पुढे १९०४ मध्ये स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिझियन या संस्थेने १९२१ पासून आपापल्या वेगाने पुऱ्या करायच्या ब्रेव्हे सुरू केल्या. जगभरच्या अशा स्वाऱ्यांना मान्यता आजही तीच संस्था देते. कमाल वेळ अंतरानुसार बांधलेला आहे: २०० किमीला १३ तास ३० मिनिटे, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० आणि १००० ला ७५ तास. एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० पुऱ्या करणाऱ्याला ‘सुपर रँडोनियर’ म्हणतात. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस आता दर चार वर्षांनी होते आणि तिच्या वाटेवर बाण लावलेले असतात. भारतातल्या ब्रेव्हेंत सहसा बाण नसतात. स्वाराच्या हाती एक कागद आणि फोनमध्ये किंवा यंत्रात भरायची मार्गाची एक फाइल पडते, बाकी रस्ता त्याने बघून घ्यायचा.

मार्गपत्रक

हा कागद म्हणजे क्यू शीट, अर्थात मार्गपत्रक. त्यात प्रत्येक वळणाला एक ओळ: सुरुवातीपासूनचे अंतर, मागच्या वळणापासूनचे अंतर, दिशा आणि खूण. ‘७६.० / ४.२ / डावीकडे / धामनोद, महेश्वर फाटा’ अशा धाटणीची. आकडे इथे नमुन्यादाखल घेतले आहेत. यात दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा, कारण एकूण अंतरात चूक साचत जाते. सायकलचा मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. ७००×२८ मापाच्या टायरचा परीघ साधारण २१३६ मिलिमीटर धरतात. तो आकडा चुकीचा भरला किंवा हवा कमी राहिली, आणि एक टक्क्याचा फरक पडला, तर १४० किमीवर पत्रक आणि मीटर यांच्यात १.४ किमीची फारकत झालेली असते. तोवर फाटा मागे गेलेला असतो. म्हणून जाणते स्वार एक उपमीटर, म्हणजे मधल्या टप्प्याचे अंतर मोजणारा आकडा, प्रत्येक कंट्रोलला (वाटेतल्या शिक्क्याच्या जागेला) शून्यावर आणतात.

खूण निवडणे ही पत्रक करणाऱ्याची कसोटी. ‘हनुमान मंदिरानंतर डावीकडे’ ही ओळ माळव्यात निरुपयोगी, कारण हनुमान मंदिर कोणत्या गावाच्या वेशीवर नाही? ‘मोठे वडाचे झाड’ त्याहून वाईट. पेट्रोल पंप, रेल्वे फाटक, नदीवरचा पूल, टोल नाका या खुणा टिकतात. पंप तर रात्रीही उजळलेला असतो. चांगल्या पत्रकात आणखी एक ओळ असते जी पाहून नवख्याला हसू येते: ‘येथे वळू नये’. सरळ जायचे असताना मोठा रस्ता आपोआप वळवून नेतो, अशा जागेसाठी ती असते. आणि वळण चुकल्यास पुढे काय दिसेल तेही कोणी लिहिले असेल, तर तो कागद करणारा स्वतः एकदा तिथे चुकला आहे असे खुशाल समजावे.

कागद चौघडी घालून, पारदर्शक पिशवीत ठेवून, हँडलवर काळ्या क्लिपने अडकवतात. पिशवी विसरणाऱ्याच्या पत्रकावर नवव्या-दहाव्या तासाला घामाने शाई पसरून ६ चा ८ झालेला असतो.

इंदूरहून दक्षिणेला

इंदूर माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. उत्तरेला देवास आणि उज्जैनकडे पठार सपाटच राहते. तिकडे मार्ग सोपा, फक्त वाहतूक फार. दक्षिणेला मात्र विंध्याची कड उतरून निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात जावे लागते. म्हणजे सकाळी ताज्या पायांनी उतार आणि दुपारनंतर थकल्या पायांनी घाट. इथे वाट चुकली तर नुसते किलोमीटर वाढत नाहीत. चुकून उतरलेला घाट पुन्हा चढावा लागतो.

नमुना म्हणून एक वळसा घेऊ: इंदूर, राऊ, महू, मानपूर, गुजरी, धामनोद, महेश्वर, मंडलेश्वर, बडवाह, चोरल, सिमरोल आणि तेजाजी नगरवरून पुन्हा इंदूर. हा ढोबळमानाने २०० किमी भरतो. तो घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने घातला की मुख्य वळणे डावीकडे येतात. वाहने डावीकडून चालणाऱ्या देशात याचा अर्थ असा, की चौपदरी रस्ता ओलांडून उजवीकडे जाण्याचे प्रसंग कमी. शिवाय आग्रा–मुंबई रस्त्याचा घाट, जिथे ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन अपघात होत आले आहेत, तो सकाळी उतरून होतो. हाच वळसा उलटा घातला तर त्याच ट्रकांच्या सोबतीने तो चढायचा.

आता कंट्रोल कुठे ठेवायचे? कंट्रोल म्हणजे ब्रेव्हे कार्डावर शिक्का आणि वेळ घेण्याची जागा. शिक्का मारणारे कोणी नसेल तर दुकानाची पावती, एटीएमची चिठ्ठी किंवा सायकलसह फोटो चालतो. कधी ‘पुलावरच्या पाटीवर कोणते साल आहे’ असा प्रश्न असतो. चहाची सोय बघून कंट्रोल ठेवतात असा समज आहे. खरे तर जिथे पळवाट असते त्या वळशाच्या कोपऱ्यावर ते ठेवावे लागते. मंडलेश्वरहून महूला जाम घाटाने सरळ चढता येते. वर अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा आहे, तिथून खालचे निमाड पसरलेले दिसते, आणि इंदूर या वाटेने बरेच जवळ पडते. महेश्वर ही अहिल्याबाईंची राजधानी. होळकरांची राजधानी इंदूरला आली ती १८१८ मध्ये. तेव्हा या दोन गावांना जोडणारी ही वाट काही आडवाट नव्हे, घरचीच. पण वरच्या वळशात ती घेतली की २०० किमी भरत नाहीत. म्हणून कंट्रोल महेश्वरला असो वा नसो, बडवाहला असावेच लागते. बडवाहचा शिक्का असलेला माणूस जाम घाटाने आलेला नाही, एवढे त्या शिक्क्याने सिद्ध होते.

प्रत्येक कंट्रोलला उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते. पहिल्या २०० किमीसाठी उघडण्याची वेळ ताशी ३४ किमीने आणि बंद होण्याची ताशी १५ किमीने काढतात. सकाळी ६ ला सुटलेल्या स्वारासाठी बडवाह १४० किमीवर धरले, तर ते १० वाजून ७ मिनिटांनी उघडेल आणि दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी बंद होईल. अगदी शेवटच्या मिनिटाला शिक्का घेणाऱ्याकडे ७.३० पर्यंत ४ तास १० मिनिटे उरतात. त्यात चोरल–सिमरोलचा चढ आणि इंदूरची संध्याकाळ, दोन्ही.

शहर

वाट रानात चुकते असे वाटते. प्रत्यक्षात ती चुकते शहरात. रानात मैलोन्‌मैल एकच रस्ता असतो; पत्रकातल्या ओळींची गर्दी असते पहिल्या आणि शेवटच्या पंधरा किलोमीटरमध्ये. सकाळी सगळे घोळक्याने निघतात, पुढच्याचा लाल दिवा धरून जातात, आणि तो पुढचा ब्रेव्हेतला नसून राऊपर्यंत पोहे खायला निघालेला असतो. रविवारी सकाळी इंदुरात असे सायकलवाले पुष्कळ.

बायपास ओलांडण्याच्या जागा सगळ्यांत नाठाळ. तिथे रस्ता दोन मजली होतो: वर उड्डाणपूल, खाली सर्व्हिस रोड. नकाशावर दोन्ही एकाच रेषेत दिसतात आणि उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्राला आपण वर आहोत की खाली हे सहसा कळत नाही. यंत्र ‘मार्गावर आहात’ म्हणत राहते आणि स्वार पुलावरून, ज्या फाट्यावर उतरायचे होते त्याच्या डोक्यावरून निघून जातो. अशा जागी पत्रकात ‘पुलावर चढू नये, खालून’ एवढे तीन-चार शब्द असले तर वीस मिनिटे वाचतात.

नावांचाही घोळ आहे. महूचे अधिकृत नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. पत्रकात ‘महू’ असते, नकाशात कधी हे तर कधी ते. इंदूर पाटीवर ‘इंदौर’ होते, ते मराठी माणसाला अडत नाही. पाट्या देवनागरीत असल्यामुळे महाराष्ट्रातून आलेल्या स्वारालाही इथे वाचायची अडचण नाही, फक्त तिठ्याला इथे ‘तिराहा’ म्हणतात हे माहीत हवे. वाचण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे मैलाचे दगड. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाची टोपी पिवळी, राज्य महामार्गाची हिरवी, ग्रामीण सडकेची नारिंगी. पत्रकाप्रमाणे महामार्गावर असायला हवे आणि तीन दगड ओळीने नारिंगी लागले, तर थांबावे.

फाइल आणि यंत्र

अमेरिकेने २००० सालच्या मे महिन्यात नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि जागा काही मीटरांच्या आत कळू लागली. २००२ मध्ये जीपीएक्स हा फाइलीचा सामायिक नमुना आला. आता बहुतेक स्वार हीच फाइल फोनमध्ये किंवा सायकलच्या यंत्रात घेऊन निघतात.

फाइल दोन तऱ्हेची असते आणि गफलत तिथेच होते. ‘ट्रॅक’ म्हणजे शेकडो-हजारो बिंदूंची तयार रेघ. यंत्र ती जशीच्या तशी दाखवते. ‘रूट’ म्हणजे मोजकी ठिकाणे. त्यांच्यामधला रस्ता यंत्र स्वतः काढते. यंत्राला जवळची वाट आवडते. मंडलेश्वर आणि इंदूर अशी दोनच ठिकाणे दिली, तर ते इमानेइतबारे जाम घाट दाखवेल. म्हणून ब्रेव्हेसाठी ट्रॅकच घ्यावा आणि आपोआप नवा मार्ग काढण्याची सोय बंद करावी. जाऊन त्याच वाटेने परत यायचे असेल, तर दोन रेघा एकमेकींवर पडतात आणि बाण कोणता जाण्याचा, कोणता येण्याचा हे उमगत नाही. अशा वेळी फाइलीचे दोन तुकडे करतात. घाटातल्या नागमोडी वळणांवर रेघ क्षणभर पलीकडच्या वळणावर उडी मारते. तिथे घाबरण्याचे कारण नाही, घाटात दुसरा रस्ता नसतो.

फोनच्या बाबतीत एक गैरसमज पक्का आहे: नेटवर्क गेले की जागा कळत नाही. उपग्रहाचा संकेत मोबाइलच्या मनोऱ्यावर अवलंबून नसतो. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर फोन विमान-स्थितीत ठेवूनही जागा दिसते, आणि बॅटरीही वाचते. बॅटरी खातो तो पडदा. ३०० किमीच्या वर पॉवर बँक किंवा चाकातला डायनॅमो लागतोच.

विचारणे

वाट विचारण्याचीही एक रीत आहे. ‘बडवाह का रास्ता यही है न?’ असे विचारले की समोरचा भला माणूस मान डोलावतो. दमलेल्या पाहुण्याला नाही कसे म्हणायचे? त्याऐवजी ‘ये रास्ता कहाँ जाता है?’ असे विचारावे, म्हणजे गावाचे नाव त्याच्या तोंडून येते. अंतर मात्र कोणालाही विचारू नये, उत्तर कायम ‘बस, दो किलोमीटर’ असते. दुसरी अडचण अधिक नाजूक. मंडलेश्वरच्या चहावाल्याला इंदूर विचारले तर तो प्रेमाने जाम घाट सांगणार, बडवाहवरून जाणे हा वेडेपणा आहे हेही सांगणार, आणि त्याचे म्हणणे चूक नसते. तेव्हा त्याला इंदूर न विचारता पत्रकातले पुढचे गाव विचारायचे. जुन्या स्वारांकडून नव्यांना ऐकू येते ते एवढेच: ‘‘अरे, घरचा रस्ता नको विचारूस, पुढच्या कंट्रोलचा विचार.’’

मार्ग सुटल्यास नियम साधा आहे: जिथे सुटला तिथे परत जायचे आणि तिथून पुढे यायचे. पुढे कुठेतरी मार्ग पुन्हा गाठला, जास्तीचे अंतर कापले, तरी ते धरले जात नाही. आयोजक मध्येच गुप्त कंट्रोलही ठेवू शकतो. आणि मार्गावर सोबत मोटार चालवता येत नाही. घरच्यांची मदत घ्यायची तर ती कंट्रोलवरच.

रात्र आणि जुनी फाइल

३०० किमीपासून पुढे रात्र येते. पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जाकीट सक्तीचे असते. अंधारात दिवसाच्या खुणा पुसल्या जातात. बंद दुकानाची पाटी दिसत नाही, वड दिसत नाही. उरतात पंप, ढाबे, टोल नाके आणि डांबरावरचा पांढरा पट्टा. दिव्याचा झोत रस्त्यावर असल्यामुळे पाटी अंधारात राहते, म्हणून डोक्यावर एक लहान दिवा बांधतात. मान वर केली की पाटी उजळते, खाली केली की पत्रक.

याशिवाय रस्ते बदलतात. इंदूर–इच्छापूर मार्गाच्या रुंदीकरणात चोरल–सिमरोलच्या बाजूला बोगदे आणि नवे तुकडे आले. जुन्या फाइलीतली रेघ अशा ठिकाणी खोदलेल्या मातीवरून जाते. त्यामुळे ब्रेव्हेच्या काही दिवस आधी आयोजकांपैकी कोणीतरी पूर्ण मार्ग एकदा चालवून बघतो, वळवलेले रस्ते नोंदवतो आणि पत्रकाच्या डोक्यावर तारीख घालतो. मित्राकडून घेतलेल्या मागच्या वर्षीच्या फाइलीवर ती तारीख नसते.