फुले, निळू

मराठी रंगभूमी आणि चित्रपटांतील अभिनेते. पूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. बेरकी पाटील, सरपंच आणि साखरसम्राट अशा खलभूमिकांसाठी ते महाराष्ट्रभर ओळखले गेले.

तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत असतानाच ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात रमले. त्यांचा अभिनय वगनाट्यात, म्हणजे तमाशाच्या अंगाने जाणाऱ्या लोकनाट्यात, घडला. तिथे समोरच्या प्रेक्षकाचा अंदाज घेऊन वाक्य फिरवावे लागते, आणि ही हुकमत पुढे कॅमेऱ्यासमोरही त्यांना उपयोगी पडली. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने नाव झाले आणि अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातील झेलेअण्णा या भूमिकेने त्यांना पडद्यावर आणले. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ नाटकातील सखाराम त्यांनी उभा केला. त्या नाटकावर उठलेले वादळ आणि न्यायालयीन लढा प्रसिद्ध आहे.

जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’मधील हिंदुराव धोंडे-पाटील ही त्यांची सर्वांत सखोल खलभूमिका मानावी लागेल. सहकारी साखर कारखान्याच्या जोरावर सारा मुलूख मुठीत ठेवणारा हा पुढारी आरडाओरडा क्वचितच करतो. तो पाहुणचार करतो, आपुलकीने बोलतो, आणि श्रीराम लागूंनी साकारलेले मास्तर नाहीशा झालेल्या माणसाबद्दल ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ असे विचारत राहतात तसतसा आतून पोखरत जातो. खलनायकाची भीती वाटावी आणि शेवटी त्याची कणवही यावी, हे फार थोड्या नटांना साधते. हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. याच दिग्दर्शकाच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) मात्र त्यांनी सत्तेचा खेळ जवळून पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस साकारला. पाटलाच्या मिशा आणि फेटा उतरवल्यावरही त्यांच्यातला नट तितकाच भक्कम होता, याची ही साक्ष.

खर्जातला घोगरा आवाज, शब्दांमधली लांबवलेली विश्रांती, अर्धवट मिटलेले डोळे आणि ग्रामीण बोलीचा अचूक लहेजा ही त्यांची हत्यारे होती. ‘बाई, वाड्यावर या’ हे वाक्य नकलाकारांनी इतके वापरले की त्या नकलेमागचा अभ्यासू नट झाकला गेला, असेही म्हणता येईल. ‘कुली’, ‘मशाल’, ‘सारांश’ अशा हिंदी चित्रपटांतही ते दिसले. ‘सारांश’मधील राजकीय गुंड गजानन चित्रे हा त्यांच्या मराठी पुढाऱ्यांचाच शहरी भाऊबंद होय. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पडद्यावर गावाला नागवणारा हा माणूस प्रत्यक्षात समाजवादी विचारांचा, साधा आणि वाचनप्रिय होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत आणि सामाजिक कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात त्यांनी लागूंच्या बरोबरीने भाग घेतला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.