आफ्रिकेचं दक्षिण टोक: केप ऑफ गुड होप की केप अगुल्हास?

शाळेत घोकलेलं वाक्य आठवतं? वास्को द गामा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केप ऑफ गुड होपला, वळसा घालून १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. वळसा खरा, कालिकतही खरं. घोळ आहे तो ‘दक्षिण टोका’त. आफ्रिकेचं अगदी दक्षिणेचं टोक आहे केप अगुल्हास, गुड होपच्या आग्नेयेला सुमारे १५० किलोमीटरवर. गुड होप ३४ अंश २१ मिनिटं दक्षिणेला, तर अगुल्हास ३४ अंश ५० मिनिटांवर.

मग सगळा मान गुड होपला का? नकाशा बाजूला ठेवा आणि लिस्बनहून निघालेल्या जहाजावर उभे राहा. खाली उतरत जाणारा पश्चिम किनारा संपता संपत नाही, आणि गुड होपपाशी तो पूर्वेकडे वळू लागतो. खलाशाला हवं होतं ते हे वळण. सर्वांत दक्षिणेचा बिंदू कुठला, याची चौकशी भूगोलवाल्यांनी करावी.

गंमत म्हणजे हे वळण पार करणाऱ्या पहिल्या युरोपीय कप्तानाला, बार्तोलोमेउ दियाशला, जाताना ते दिसलंच नाही. वादळाने त्याची जहाजं खोल समुद्रात नेली. पूर्वेला जमीन सापडेना म्हणून तो उत्तरेला वळला आणि फेब्रुवारी १४८८ मध्ये थेट गुड होपच्या पूर्वेकडच्या मॉसेल बे या उपसागराला लागला. गुड होप त्याने पाहिलं ते परतताना. त्याने ठेवलेलं ‘वादळांचं भूशिर’ हे नाव पोर्तुगालचा राजा दुसरा जॉन याने बदलून ‘गुड होप’, म्हणजे चांगली आशा, असं केलं, असं सांगतात. १५०० मध्ये याच समुद्रात वादळाने दियाशचा बळी घेतला. जुनं नावच खरं म्हणायचं!

अगुल्हासच्या नावात मात्र आशाबिशा काही नाही. पोर्तुगीज भाषेत अगुल्हास म्हणजे सुया. त्या काळी इथे होकायंत्राची सुई जवळजवळ खऱ्या उत्तरेकडे रोखलेली असे. आज ती २५ अंशांहून जास्त पश्चिमेला झुकते.

केप टाउनला गेलेले पर्यटक गुड होपला ‘दोन महासागरांचा संगम’ म्हणून फोटो काढतात. पण अटलांटिक आणि हिंदी महासागराची अधिकृत सीमा अगुल्हासवरून, २० अंश पूर्व रेखावृत्तावरून जाते. गरम अगुल्हास प्रवाह आणि थंड बेंग्वेला प्रवाह मात्र ती रेघ पाळत नाहीत. त्यांच्या भेटीची जागा या दोन भूशिरांच्या दरम्यान सरकत राहते.