मोटारीच्या अंतर्भागातील हवा

प्रवासी मोटारीच्या बंद अंतर्भागातील हवेची गुणवत्ता मुख्यतः चार गोष्टींवर ठरते : आतल्या सामग्रीतून बाहेर पडणारी रसायने, बाहेरून येणारी धूळ व धूर, बसलेल्या माणसांच्या उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड आणि तापमान. नव्या मोटारीत पहिली गोष्ट प्रकर्षाने जाणवते, कारण शोरूममधून बाहेर पडलेल्या गाडीचा ‘नवा वास’ हा तिच्यातील प्लॅस्टिक, फोम, गोंद, रबर आणि कातडे यांतून निघणाऱ्या बाष्पनशील (सहज वाफ होणाऱ्या) सेंद्रिय संयुगांचा असतो. मराठवाड्यात मात्र तापमानाचा वाटा इतका मोठा आहे की बाकीच्या तिन्ही गोष्टींचा विचार त्याच्या संदर्भातच करावा लागतो.

वासाला कारण होणाऱ्या संयुगांची संख्या शेकड्यांत जाते. नियमनासाठी त्यांतील आठ प्रमुख मानली जातात. बेंझीन, टोल्यूइन, झायलीन, एथिलबेंझीन व स्टायरीन ही एका गटातील, तर फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड व ॲक्रोलीन ही ॲल्डिहाइडांच्या दुसऱ्या गटातील होत. डॅशबोर्डचे आवरण, सीटमधील पॉलियुरेथेन फोम, छताचे अस्तर चिकटवणारा गोंद, गालिच्याखालील डांबरयुक्त आवाजरोधक पत्रे आणि कमावलेले कातडे हे त्यांचे नेहमीचे उगम आहेत. बेंझीन व फॉर्माल्डिहाइड यांची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे. परंतु धोका संहतीवर (हवेतील प्रमाणावर) आणि संपर्काच्या कालावधीवर अवलंबून असल्यामुळे नव्या गाडीचा वास आला म्हणजे आजार जडला, असा अर्थ त्यातून निघत नाही. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके दुखणे हे तात्कालिक त्रास अधिक संभवतात. उत्सर्जन पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने व पुढे मंदगतीने घटते. प्लॅस्टिक लवचिक ठेवण्यासाठी वापरलेली थॅलेटे मात्र फार सावकाश बाहेर पडतात आणि थंड काचेवर साठतात. पुढच्या काचेच्या आतील बाजूस बसणाऱ्या चिकट, धुरकट थराचे तेच एक मोठे कारण आहे.

या संयुगांवर मर्यादा घालण्याचे प्रयत्न पूर्व आशियात आधी झाले. जपानमधील मोटार उत्पादकांच्या संघटनेने २००७ पासूनच्या नव्या प्रतिमानांसाठी (मॉडेलांसाठी) स्वेच्छेने मार्गदर्शक मूल्ये स्वीकारली. चीनने २०११ मध्ये वरील आठ संयुगांची मर्यादा ठरवली; तीत प्रतिघनमीटर हवेत फॉर्माल्डिहाइड ०.१० मिलिग्रॅम, बेंझीन ०.११ मिलिग्रॅम आणि टोल्यूइन १.१० मिलिग्रॅम अशी मूल्ये आहेत. मापनाची पद्धत आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आयएसओ १२२१९ या मानकमालेत दिलेली असून संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने २०१७ मध्ये तिला अनुसरून एक शिफारस मंजूर केली. या पद्धतीत गाडी चाचणीकक्षात प्रथम सुमारे २३ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात दारे-काचा लावून ठेवतात. नंतर कृत्रिम उष्णता देऊन उन्हात उभ्या गाडीची व शेवटी इंजिन व एसी चालू करून धावत्या गाडीची स्थिती निर्माण करतात.

२३ अंश हे तापमान परभणी, नांदेड किंवा बीडच्या भर उन्हाळ्यात पहाटेही क्वचितच लाभते. मे महिन्यात या जिल्ह्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि अशा उन्हात बसस्थानकासमोर किंवा बाजार समितीच्या आवारात तासभर उभ्या असलेल्या बंद गाडीतील हवा ६० अंशांच्या आसपास पोचू शकते. डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहूनही बराच तापतो. ही वाढ सरळ रेषेत होत नाही, तिचा बहुतेक भाग पहिल्या अर्ध्या तासातच होऊन जातो, म्हणून ‘पाचच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला गाडीत बसवून जाणे प्राणघातक ठरू शकते. तापमानाबरोबर उत्सर्जनही वाढते, आणि हिवाळ्यात वासरहित वाटू लागलेली गाडी उन्हाळ्यात पुन्हा वास सोडते. काचांवर काळी फिल्म लावून ऊन अडवण्याचा पूर्वीचा सर्रास उपाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ मधील निर्णयामुळे मागे पडला. मोटार वाहन नियमांनुसार पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे.

गाडीचा आकार या सगळ्यात किती भर घालतो, हे स्पोर्ट्स कारच्या रचनेत स्पष्ट दिसते. हवेचा रोध कमी व्हावा म्हणून तिची पुढची काच फार तिरपी ठेवतात, त्यामुळे दुपारचे डोक्यावरचे ऊन काचेच्या मोठ्या क्षेत्रावर पडते. छत बुटके व आसने दोनच असल्याने आतील हवेचे आकारमान लहान राहते. कातडे आणि चिकटवलेली अस्तरे मात्र भरपूर असतात. इंजिन आसनांच्या मागे व रेडिएटर पुढे अशी मांडणी असल्यास तप्त पाण्याच्या नळ्या प्रवाशांच्या पायाखालून किंवा बाजूच्या पोकळीतून न्याव्या लागतात आणि केबिन आणखी तापते. उघड्या टपाच्या गाडीत हवा साचत नाही हे खरे. पण पुढच्या काचेवरून गेलेला प्रवाह मागे वळून आसनांकडे परततो आणि त्याबरोबर धूरही येऊ शकतो, म्हणून आसनांमागे वारारोधक जाळी बसवतात. जालना रस्त्यावरच्या धुळीत आणि दर फर्लांगावरच्या गतिरोधकांत अशी गाडी ही निव्वळ हौसच म्हणावी लागेल. हौसेला मात्र या भागात तोटा नाही : २०१० मध्ये तत्कालीन औरंगाबाद शहरातील खरेदीदारांनी मिळून १५० मर्सिडीझ-बेंझ गाड्या एकाच वेळी घेतल्या, त्याची चर्चा देशभर झाली. शहराजवळच्या वाळूजमध्ये १९८५ पासून बजाज ऑटोचा आणि शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडाचा कारखाना चालू असल्याने मोटारीच्या सुट्या भागांचा धंदाही येथे रुजलेला आहे.

सामान्य मोटारीत ताजी हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत येते, कारण धावताना तेथे दाब जास्त असतो; ती मागील बंपरआडच्या झडपांतून बाहेर पडते. वाटेत तिला एसीचा फिल्टर लागतो. काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवर, खडी केंद्रांजवळ आणि जिनिंगच्या हंगामात कापसाच्या तंतूंनी हा फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी चोंदतो. ऊसवाहू ट्रॅक्टरच्या मागे अडकल्यावर आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबणे योग्य. पण ते तसेच ठेवून चौघे जण समृद्धी महामार्गावर तासन्‌तास गेले, तर कार्बन डाय-ऑक्साइडची संहती बाहेरच्या सुमारे ४२० भाग प्रतिदशलक्षावरून काही हजारांवर जाते आणि चालकाला जडपणा व पेंग येण्यास हातभार लागतो. अधूनमधून काही मिनिटे बाहेरची हवा घेतली की ती उतरते.

नव्या गाडीबाबतच्या काही स्थानिक सवयी हवेच्या दृष्टीने प्रतिकूल आहेत. सीटवरची पॉलिथीनची आवरणे महिनोन्‌महिने तशीच ठेवल्याने खालच्या फोममधील रसायनांचा निचरा लांबतो. तुळजापूरला किंवा परळीला पूजेसाठी नेलेल्या गाडीत काचा लावून अगरबत्ती पेटवली, तर सूक्ष्म कण आणि ॲल्डिहाइडे या दोहोंची भर पडते. नारळ व लिंबू चाकाखाली ठेवण्याने मात्र हवेचे काही बिघडत नाही. डॅशबोर्डवरचे अत्तर वास झाकते, संयुगे कमी करत नाही. तापलेल्या गाडीत शिरण्यापूर्वी चारही दारे दोन-तीन मिनिटे उघडी ठेवावीत, सुरुवातीला काचा खाली करून एसी बाहेरच्या हवेवर चालवावा व गारवा आल्यावरच आतली हवा फिरवावी, हा क्रम उपयुक्त आहे. बंद गॅरेजमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये एसीसाठी इंजिन चालू ठेवून बसू नये, कारण तेथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो आणि तो फिल्टरने अडत नाही.