अमूर्त आणि प्रायोगिक छायाचित्रण (खानदेश)

वस्तू ओळखू येण्यापेक्षा तिचा आकार, पोत, रंग किंवा हालचाल पुढे आणणाऱ्या छायाचित्रणाला अमूर्त छायाचित्रण म्हणतात. प्रायोगिक छायाचित्रणात कॅमेरा, भिंग, कागद किंवा रसायन यांपैकी एखादी गोष्ट मुद्दाम रीत सोडून वापरतात, कधी तर वगळूनच टाकतात. दोन्हींच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या काढण्यात फारसा अर्थ नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत ही तंत्रे वापरताना पुस्तकांतली प्रमाणे जशीच्या तशी चालत नाहीत. बरीचशी हस्तपुस्तके थंड देशांतल्या सौम्य उन्हात लिहिलेली आहेत. खानदेशात ऊन कडक, बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड, उन्हाळाभर हवेत धूळ आणि सूर्य डोक्यावरून जाणारा. त्यामुळे इथे तंत्राची निवड हंगाम पाहून करावी लागते.

पूर्वपीठिका

जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइप ही निळ्या छापाची प्रक्रिया शोधली. दुसऱ्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स यांनी तिच्या आधारे शेवाळांचे छाप प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यांचा हेतू वनस्पतिशास्त्राचा होता, पण आज ते छाप चित्र म्हणूनच पाहिले जातात. आल्विन लँग्डन कोबर्न यांनी १९१७ च्या सुमारास आरशांच्या त्रिकोणी नळीतून काढलेली छायाचित्रे हेतुपुरस्सर अमूर्त अशा पहिल्या कामांत धरतात. १९२० च्या दशकात मान रे आणि मोहोली-नॉय यांनी कॅमेऱ्याविना, कागदावर थेट वस्तू ठेवून फोटोग्राम केले.

खानदेशात या संदर्भात चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांचे नाव घ्यावे लागते. टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाशाच्या जोरावर मोठ्या दृश्याचा भास उभा करणारे ‘टेबलटॉप’ छायाचित्रण ही त्यांची ओळख. चाळीसगावातले त्यांचे घर आता संग्रहालय आहे. त्यांचे काम अमूर्त नाही, आणि त्यांना ओढूनताणून त्या गटात बसवणेही बरोबर नाही. मात्र प्रकाशाची दिशा बदलली की वस्तू काय होऊ शकते, याचा तिथे मिळणारा धडा या नोंदीतल्या प्रत्येक तंत्राला लागू पडतो.

सायनोटाइप

खर्च कमी आणि अंधारखोलीची गरज नाही, म्हणून सुरुवात बहुधा यापासून होते. दोन द्रावणे लागतात. पहिल्यात १०० मिलि पाण्यात २५ ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्यात १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्हींना ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, घ्यावे. द्रावणे वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत ठेवावीत. पहिल्यावर बुरशी धरते. ती गाळून काढली तर द्रावण चालते. फेरीसायनाइड आम्लात घालून तापवू नये, विषारी वायू सुटतो. वापरताना दोन्ही समभाग मिसळायची. ए-फोर कागदाला ३ ते ४ मिलि मिश्रण पुरते.

कागद कापसाच्या लगद्याचा आणि चुनखडीविरहित हवा. छपाईच्या अनेक कागदांत टिकाऊपणासाठी कॅल्शियम कार्बोनेट घातलेले असते. त्यावर निळा रंग फिका पडतो किंवा डागाळतो. कापड वापरायचे तर मांजरपाट उत्तम, मात्र त्याची खळ गरम पाण्याने पूर्ण काढलेली हवी. खळ राहिली की रसायन वरच्या वर बसते आणि धुताना वाहून जाते. लेप रुंद ब्रशने, ट्यूबलाइट बंद करून, पिवळ्या बल्बखाली द्यावा. ब्रशला धातूची पट्टी नको. एप्रिल-मेमध्ये ब्रश दुसऱ्या फेरीला येईपर्यंत पहिली फेरी वाळलेली असते आणि पट्टे उमटतात. त्यासाठी कागदाला आधी पाण्याचा हलका फवारा देऊन तो टिपून घ्यावा, किंवा लेप रात्री द्यावा. लेप दिलेला कागद उष्णतेने आपोआप काळवंडतो, म्हणून उन्हाळ्यात तो त्याच दिवशी वापरावा. पावसाळ्यात तो नीट वाळतच नाही आणि धुताना बराचसा निळा पाण्याबरोबर जातो.

वस्तू मांडून, वर काच दाबून कागद उन्हात ठेवतात. मे महिन्यातल्या दुपारी ५ ते ८ मिनिटे आणि डिसेंबरच्या सकाळी १५ ते २० मिनिटे हा अंदाज धरावा, पण घड्याळापेक्षा रंगाकडे लक्ष असावे. उघडा भाग पिवळट हिरव्यावरून निळ्यावर आणि मग करड्या, किंचित ब्राँझसारख्या छटेवर आला की उचलायचा. निळ्यावरच उचलला तर धुतल्यावर छाप पुसट निघतो.

केळी हे इथले हाताशी असलेले साहित्य, पण केळीचे पान जसेच्या तसे ठेवणे हा कंटाळवाणा पर्याय आहे. पान जाड असल्याने नुसती पांढरी आकृती मिळते. कोवळी, अर्धी उलगडलेली सुरळी प्रकाश थोडा आत सोडते आणि तिच्या समांतर शिरा उमटतात. त्याहून चांगला निकाल सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या पदराच्या, आडव्या कापातून येतो. धारदार सुरीने २ ते ३ मिमी जाडीचा काप काढला की आत हवेच्या कप्प्यांची जाळी दिसते, आणि छापात ती जाळी वास्तूच्या आराखड्यासारखी उतरते. ओला काप थेट ठेवला तर उन्हाने काचेखाली वाफ धरते, पाणी लेपात उतरते आणि कडेने निळे ओघळ पडतात. काप वर्तमानपत्रात एक रात्र दाबून ठेवावा, किंवा काप आणि कागद यांच्यामध्ये पातळ पारदर्शक प्लॅस्टिक घालावे. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही हे खानदेशात सांगायला नको, कागदावरूनही जात नाही. वेचलेला कापूस पिंजून कमी-जास्त जाडीत पसरला तर पांढऱ्यापासून गडद निळ्यापर्यंत सलग छटा मिळतात. एरवी फोटोग्राममध्ये ही गोष्ट अवघड असते.

धुणे ही इथली खरी अडचण. छापातला प्रशियन निळा अल्कलीत टिकत नाही आणि बोअरच्या जड पाण्यात अल्कली असते. छाप पहिल्या पाण्यात छान दिसतो, अर्ध्या तासाने मात्र हलक्या छटा गायब झालेल्या असतात. पहिल्या पाण्यात लिटरला अर्धा चमचा लिंबूसत्त्व घालावे. शेवटचे दोन हात आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे द्यावेत. एकूण धुलाई १० मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नये. पांढऱ्या भागातली पिवळी झाक गेली की पुरे. औषधाच्या दुकानातले ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात झाकणभर टाकले की निळा लगेच गडद होतो. टिकाऊपणा त्याने वाढत नाही, फक्त दिवसभराची वाट वाचते.

अल्कलीचा हाच दोष रंग बदलण्यासाठी कामी येतो. धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात छाप पिवळा पडेपर्यंत ठेवून, स्वच्छ धुऊन, बाभळीच्या सालीच्या किंवा हिरड्याच्या काढ्यात बुडवला की टॅनिनमुळे तपकिरी-काळी छटा येते. चहाचेही पाणी चालते, पण त्याने कागदाचा पांढरा भाग मळकट होतो.

लुमेन छाप

जुन्या, मुदत संपलेल्या कृष्णधवल फोटो कागदाचा हा उत्तम उपयोग. कागदावर ओली पाने-फुले काचेखाली दाबून अर्धा ते तीन तास उन्हात ठेवतात. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे रसायन, लागत नाही. कागदातली चांदी आणि वनस्पतीचा रस मिळून गुलाबी, वीटकरी, जांभळट रंग येतात. हायपोत, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, बुडवले की छाप टिकतो, पण रंग उतरतात, म्हणून आधी स्कॅन आणि मग हायपो असा क्रम ठेवावा. इथे ओलावा हवासा असतो. मात्र भर मे महिन्यात वस्तू काचेखाली अक्षरशः शिजते आणि कागदाला चिकटते. सकाळी दहाच्या आत उरकावे.

सोलारग्राफ

भिंगाऐवजी बारीक भोक असलेल्या कॅमेऱ्यात फोटो कागद घालून तो महिनोन्‌महिने एका जागी ठेवायचा. सूर्याचा रोजचा मार्ग कागदावर रेघ होऊन उमटतो. ६६ मिमी व्यासाच्या शीतपेयाच्या डब्याला सुमारे ०.३५ मिमीचे भोक योग्य. भोक सुईच्या टोकाने पाडून, आतली खरखर बारीक पॉलिशपेपरने घासून काढतात.

परदेशी सूचना सांगतात की डबा दक्षिणेकडे तोंड करून सरळ उभा ठेवा. खानदेशात तसे केल्यास निराशा होते. जळगाव सुमारे २१ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. २२ डिसेंबरलाही दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, मेच्या अखेरच्या आठवड्यात तो थेट माथ्यावर येतो आणि २१ जूनला किंचित उत्तरेला सरकलेला असतो. मधोमध भोक असलेल्या उभ्या डब्याला समोर वरच्या बाजूचे जेमतेम ४० अंश दिसतात, त्यामुळे दुपारच्या कमानी कापल्या जातात. उपाय दोन आहेत. भोक डब्याच्या वरच्या तिसऱ्या भागात पाडून डबा पाठीमागे ३० अंश कलता बसवावा. नाहीतर दक्षिणेचा नाद सोडून तोंड पूर्वेला करावे. मग उगवत्या सूर्याच्या, उभ्या रेषेपासून सुमारे २१ अंश उजवीकडे झुकलेल्या समांतर रेघा मिळतात. अमूर्त चित्र म्हणून दुसरा पर्याय जास्त सरस ठरतो. स्कॅन आडवा पलटवायला विसरू नये, नाहीतर सूर्य उत्तरेकडे झुकलेला दिसतो.

डबा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लावून मृग लागण्याच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात काढावा. जवळजवळ पूर्ण सौरमार्ग कोरड्या हवेत पकडता येतो. पावसाळ्यात ठेवलेल्या डब्यात पाणी शिरते आणि कागदावर बुरशीची नक्षी येते. काहींना ती आवडते. बांधायला शेतातल्या मोटारीच्या खोलीची भिंत चांगली. झाड वाऱ्याने हलते. स्थानक, पूल किंवा विजेच्या खांबावर चिकटपट्टीने गुंडाळलेला डबा बांधून ठेवणे म्हणजे पोलिसांना आमंत्रण. कागद डेव्हलप करत नाहीत. मंद प्रकाशात काढून प्रीव्ह्यू न घेता एकाच फेरीत ६०० डीपीआयवर स्कॅन करतात, कारण स्कॅनरचा प्रकाशही त्यावर उमटतो.

कॅमेरा हलवून घेतलेली चित्रे

शटर उघडे असताना कॅमेरा ठरावीक दिशेने फिरवायचा. रावेर-यावल भागातल्या केळीच्या बागांत कॅमेरा वरून खाली नेला की खोडांच्या उभ्या हिरव्या-तपकिरी पट्ट्या तयार होतात. वेग १/८ ते १/२ सेकंद. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/१६ (भिंगाच्या भोकाचे माप) ला १/१२५ सेकंद येते. १/४ सेकंद मिळवायला ५ स्टॉपचा एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा, फिल्टर लागतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). फिल्टर टाळण्यासाठी एफ/२२ पर्यंत भोक लहान करणे ही नेहमीची चूक. धूसर चित्राच्या गुळगुळीत भागावर सेन्सरवरची धूळ करड्या ठिपक्यांनी दिसू लागते, आणि इथे लेन्स उघड्यावर एकदा बदलली तरी धूळ बसते. हालचाल शटर दाबण्याआधी सुरू करून नंतरही चालू ठेवावी, अन्यथा पट्ट्यांच्या टोकांना गाठी दिसतात. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांसाठी १/१५ ते १/३० आणि आडवा पॅन, म्हणजे घोड्याबरोबर कॅमेरा फिरवणे, बरा. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीत रात्री १/४ सेकंद पुरतो. तिथे फ्लॅश मारण्याआधी विचारावे, तो सोहळा आपल्या प्रयोगासाठी नसतो.

बहुविध एक्सपोजरमध्ये, म्हणजे एकाच चौकटीवर अनेक चित्रे घेताना, दोन चित्रांना प्रत्येकी १ स्टॉप, चारांना २ आणि आठांना ३ स्टॉप कमी द्यावे लागतात. कॅमेऱ्यात ‘सरासरी’ ही सोय असेल, किंवा पार्श्वभूमी काळी असेल, तर गरज नाही.

पोत आणि रंग

धाब्याच्या घरांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती आणि पांढऱ्या झिओलाइटचे ठिपके असलेला काळा बेसाल्ट ही जवळून टिपण्यासारखी पृष्ठे. पोत तिरप्या उन्हातच उठतो. मेमधल्या दुपारी आडव्या खडकावर सावलीच पडत नाही आणि तो कागदासारखा सपाट येतो.

नंदुरबारच्या मिरची पथाऱ्या हिवाळ्यात लाल रंगाचे मैदान होतात. तिथे एक तांत्रिक सापळा आहे. कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या पातळ्यांचा आलेख, सगळे ठीक दाखवतो, पण लाल वाहिनी आधीच भरून गेलेली असते आणि मिरचीची सुरकुती न् सुरकुती नाहीशी होऊन लाल पसारा उरतो. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून, लाल आलेख उजव्या कडेपासून सुटेपर्यंत १ ते १.३ स्टॉप कमी द्यावे आणि रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाइल ठेवावी. ध्रुवण फिल्टरने मिरचीच्या सालीवरची पांढरी चकाकी जाते, मात्र पूर्ण घालवली तर ढीग निर्जीव दिसतो. पथारीवर जाताना लेन्सइतकेच डोळ्यांना जपावे. ठसका कॅमेरा हलवतो.

जपणूक

सायनोटाइप उजेडात फिका पडला तर काही दिवस अंधारात ठेवल्यावर बराचसा परत येतो. अल्कलीने उडालेला छाप मात्र येत नाही. म्हणून चुनखडीयुक्त ‘आर्काइव्हल’ पाकिटे, जी इतर छायाचित्रांना चांगली, ती यांना चालत नाहीत. साध्या कापसाच्या कागदात गुंडाळून, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावेत. चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर बिनफ्रेमचे टांगू नयेत.