मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला कॅल्शियम पाजायचं का?

‘ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डचं पिल्लू आणलंय? मग कॅल्शियमचं औषध सुरू करा, नाहीतर पाय वाकतील.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. ऐकायला पटतो, पण तो बहुतेक वेळा उलटा पडतो.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला जास्तीचं कॅल्शियम आतड्यात अडवता येतं. लहान पिल्लाला ते नीट जमत नाही. जेवढं पोटात जाईल, त्यातलं बरंचसं रक्तात उतरतं. त्यामुळे कूर्चेचं हाडात रूपांतर होण्याची प्रक्रिया बिघडते. ग्रेट डेनच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत जादा कॅल्शियममुळे सांगाड्यात दोष दिसले. म्हणजे ज्या वाकड्या पायांच्या भीतीने बाटली आणली, तेच पाय बाटलीमुळे वाकू शकतात.

मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या तयार खाद्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण आधीच बसवलेलं असतं. वरून थेंबभरही नको. नुसतं मांस खाऊ घालत असाल तर मात्र खरंच कमतरता होते. तिथेही अंदाजाने पावडर टाकू नका, पशुवैद्यकाकडून आहार बेतून घ्या.

आणि पिल्लू गुबगुबीत दिसलं की कौतुक होतं ना, तेही जरा आवरा. या जातींची वाढ साधारण १८ महिने, कधी त्याहून जास्त चालते. तोवर बरगड्या हाताला सहज लागाव्यात. लॅब्राडोरांच्या एका दीर्घ अभ्यासात २५ टक्के कमी खाणारी कुत्री सरासरी जवळपास २ वर्षं जास्त जगली, आणि त्यांचा संधिवातही उशिरा सुरू झाला.

पिल्लू लंगडत असेल तर आधी एक्स-रे काढा.