ऋण चिन्ह राहतं कुठे?

यंदा सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक संदेश फिरत होता. 19 जानेवारी 2038, सकाळी 8 वाजून 44 मिनिटं, जगातले सगळे संगणक बंद पडणार. खाली ग्रहांची चित्रं, तारखेतल्या अंकांची बेरीज आणि 'पुढे पाठवा'. त्यात वेळ तेवढी खरी आहे. शनीचा किंवा अंकशास्त्राचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. अनेक संगणकांचं घड्याळ म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून सरलेल्या सेकंदांची मोजणी. ही मोजणी ज्या जुन्या प्रणालींमध्ये 32 बिटांत, म्हणजे 0 किंवा 1 मावणाऱ्या 32 घरांत, ठेवली आहे, तिथे त्या सकाळी ती 2147483647 वर पोचते आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ डिसेंबर 1901 दाखवतं. बहुतेक नव्या प्रणालींनी 64 बिट घेतलेच आहेत. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात 32 बिटी यंत्रांसाठीची सोयही 2020 साली आली. काम उरलं आहे ते जुन्या, कोपऱ्यात बसवून विसरलेल्या यंत्रांचं.

पण मला त्या एका सेकंदात दुसरंच काही दिसतं. त्या क्षणी बेरीज चुकत नाही. 2147483647 मध्ये 1 मिळवला की 2147483648 येतात आणि ते 32 बिटांत व्यवस्थित मावतात. पहिला बिट 1, बाकी सगळे 0. तेच 32 बिट 'फक्त धन संख्या' म्हणून वाचले, तर घड्याळ 7 फेब्रुवारी 2106 पर्यंत बिनतक्रार चालेल. ऋण संख्याही असू शकते असं धरून वाचले, तर 1901. बिट तेच आहेत, मग ऋण चिन्ह राहतं कुठे?

याचं मला सापडलेलं सगळ्यात सुंदर उत्तर कंपायलरच्या पोटात आहे. आपण सी, रस्ट किंवा स्विफ्टमध्ये लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला कळेल अशा सूचनांत उतरवणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. दहा भाषा आणि पाच तऱ्हेचे प्रोसेसर असतील, तर थेट भाषांतरासाठी पन्नास कंपायलर लिहावे लागतील. मध्ये एक सामाईक भाषा ठेवली, तर दहा भाषांकडून तिच्यात येणारे आणि तिच्यातून पाच प्रोसेसरांकडे जाणारे, असे पंधरा भाग पुरतात. एलएलव्हीएम नावाच्या प्रकल्पाची मधली भाषा आज सगळ्यात जास्त वापरात असलेल्यांपैकी एक आहे. 2000 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी हा प्रकल्प सुरू केला.

सोलापूरकराला मधली भाषा वेगळी समजवायला नको. माझे वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात चादरींचे ग्राफ भरायचे. चित्रकाराचा मोर कागदावर वळणावळणाचा असायचा. जकार्डच्या मागाला वळण कळत नाही, त्याला फक्त भोकं पाडलेले पुठ्ठे कळतात. मोर आणि पुठ्ठे यांच्या मध्ये वडिलांचा चौकटींचा कागद. एक उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी रांग म्हणजे बाण्याची एक फेर. चौकट भरली तर ताण्याचा धागा वर उचलायचा, रिकामी तर खालीच ठेवायचा. त्या कागदावर रंग नसायचा. तेच पुठ्ठे लावून लाल-हिरव्या सुतात एक चादर निघायची आणि निळ्या-पिवळ्या सुतात दुसरी. रुंदी मात्र कागदाला पक्की माहीत असायची. धागे उचलणाऱ्या 400 हुकांसाठी पाडलेले पुठ्ठे 200 हुकांच्या जकार्डवर चढत नाहीत.

एलएलव्हीएमच्या मधल्या भाषेतले पूर्णांक अगदी असेच आहेत. तिथे प्रत्येक किमतीला एक प्रकार असतो. आय8 म्हणजे 8 बिटांचा पूर्णांक, आय32 म्हणजे 32 बिटांचा. खरं-खोटं ठेवायला आय1. हवा तर आय17 सुद्धा चालतो, आणि वरची मर्यादा 80 लाखांहून जास्त बिटांची आहे. आय32 मध्ये आय64 थेट मिळवायला गेलात, तर तपासनीस प्रोग्राम तिथेच अडवतो. रुंदीच्या बाबतीत ही भाषा इतकी कडक आहे. पण आय32 मधली संख्या ऋण असू शकते की नाही, हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

हे विसरणं मुद्दाम केलेलं आहे, आणि त्यामागचं कारण वहीवर करून बघण्यासारखं आहे. 8 बिटांचा 11001000 घ्या. फक्त धन म्हणून वाचला तर तो 200. 'टूज कॉम्प्लिमेंट' या रूढ पद्धतीने वाचला तर उणे 56. आता त्यात 20, म्हणजे 00010100 मिळवा. उत्तर 11011100. धन वाचलं तर 220, जे 200 अधिक 20 आहे. दुसऱ्या पद्धतीने वाचलं तर उणे 36, आणि उणे 56 मध्ये 20 मिळवले की उणे 36 च येतात. बेरीज एकदाच केली आणि ती दोघांसाठी बरोबर आली.

याचं कारण घड्याळाच्या तबकडीत आहे. काटा बारावर असेल, तर दहा तास पुढे नेला काय आणि दोन तास मागे नेला काय, तो दहावरच येतो. 8 बिट म्हणजे 256 खुणांची तबकडी. 200 खुणा पुढे आणि 56 खुणा मागे ही एकच जागा, कारण 200 आणि 56 मिळून 256. तिथून 20 खुणा पुढे सरकताना तुम्ही त्या जागेला कोणत्या नावाने हाक मारता, याने काहीच बिघडत नाही. वजाबाकीचंही तेच. आणि तितक्याच बिटांत उत्तर ठेवायचं असेल तर गुणाकाराचंही तेच. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी रात्री दोन पानं भरून संख्या बदलून बदलून बघितल्या होत्या.

भागाकार मात्र तबकडीवर जमत नाही. 200 भागिले 2 म्हणजे 100, बिटांत 01100100. उणे 56 भागिले 2 म्हणजे उणे 28, बिटांत 11100100. इथे उत्तरं फुटली. तुलनेतही फुटतात: 200 हे 100 पेक्षा मोठे, उणे 56 लहान. आठ बिटांचे सोळा करतानाही फुटतात, कारण धन असेल तर डावीकडे शून्यं भरायची आणि ऋण असेल तर एक. म्हणून मधल्या भाषेत बेरजेची सूचना एक आहे आणि भागाकाराच्या दोन: एसडिव्ह चिन्ह मानणारी, युडिव्ह न मानणारी. मोठं-लहान ठरवण्याच्याही दोन तऱ्हा, रुंदी वाढवण्याच्याही दोन. चिन्ह संख्येत नाही, क्रियेत आहे. सूत माग चालवताना लावायचं असतं, ते पुठ्ठ्यावर नसतं, तसंच.

सुरुवातीला एलएलव्हीएममध्येही चिन्हवाले आणि बिनचिन्हाचे प्रकार वेगळे होते. त्यामुळे एकाच बेरजेची दोन रूपं व्हायची, आणि एका प्रकारातून दुसऱ्यात नेणाऱ्या, एकही बिट न बदलणाऱ्या सूचनांचा कचरा साचायचा. दोन बेरजा खरं तर एकच आहेत हे कंपायलरला ओळखता येणं त्यामुळे अवघड व्हायचं. 2007 मध्ये आलेल्या 2.0 आवृत्तीत हा भेद प्रकारांतून काढून क्रियांमध्ये टाकला गेला.

आता थोडं अवघड. बेरीज एकच म्हटलं खरं, पण सी भाषेचा नियम असा की चिन्हवाल्या संख्यांची बेरीज मर्यादेबाहेर जाता कामा नये. गेली तर काय होईल याची भाषा कसलीच हमी देत नाही. बिनचिन्हाच्या संख्या मात्र तबकडीसारख्या फिरून शून्यावर येतात, हाच त्यांचा नियम. प्रकारातून चिन्ह काढल्यावर ही माहिती ठेवायची कुठे? तर बेरजेच्या सूचनेवर एनएसडब्ल्यू हे शेपूट लावतात. त्याचा अर्थ, 'चिन्ह धरून बघितलं तर ही बेरीज मर्यादा ओलांडत नाही, असं माना.' त्या वचनाच्या जोरावर कंपायलर 'क्ष अधिक 1 हे क्ष पेक्षा मोठं आहे का?' हा प्रश्न चालवून न बघताच 'हो' म्हणून मिटवतो. वचन मोडलं, तर बेरजेचं उत्तर 'पॉयझन' ठरतं, म्हणजे विषारी किंमत, आणि तिच्यावरून काढलेली बहुतेक उत्तरंही विषारी होतात. अनेक अनुभवी प्रोग्रामर याच वळणावर ठेचकाळतात. तरी कल्पना तीच आहे: संख्या मुकी, बोलते ती क्रिया.

पॉइंटरचंही पुढे हेच झालं. मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या किमतीला पूर्वी 'आय32 कडे बोट दाखवणारा' असा प्रकार असायचा. पण त्या पत्त्यावर काय वाचायचं हे वाचणारी सूचना सांगतेच, आणि पत्ता म्हणजे शेवटी नुसता पत्ता. 2022 च्या 15 व्या आवृत्तीत सगळ्या पॉइंटरांसाठी एकच प्रकार रूढ झाला, आणि 17 व्या आवृत्तीपर्यंत जुने प्रकार पूर्ण गेले. पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच दिशेने टाकलेली ही दोन पावलं.

कॉलेजातल्या मुलांनी हे स्वतः बघावं. कंपायलर एक्सप्लोरर या संकेतस्थळावर क्लँग हा एलएलव्हीएमवर चालणारा सी चा कंपायलर निवडा आणि त्याला मधली भाषा दाखवायला सांगा. सी मध्ये दोन छोटी फंक्शनं लिहा, एक 'इंट' म्हणजे चिन्हवाल्या संख्यांचं, दुसरं 'अनसाइन्ड इंट' म्हणजे बिनचिन्हाच्या संख्यांचं, दोन्हींत दोन संख्यांची बेरीज. दोन्हीकडे आय32 च दिसेल, बेरजेची सूचनाही तीच, फक्त पहिल्यात एनएसडब्ल्यूचं शेपूट जास्त. मग अधिकच्या जागी भागाकाराचं चिन्ह टाका आणि पुन्हा बघा: एकीकडे एसडिव्ह आलेला असेल, दुसरीकडे युडिव्ह.